अवतरणाचे अखेरचे मिनिट

तापीकाठच्या माणसास नावेची रीत नव्याने सांगावी लागत नाही. एकाने मागे बसून वल्हे मारावे, दुसऱ्याने पुढे उभे राहून वेळूने पाणी चाचपावे आणि खोली किती ती मोठ्याने सांगत जावे. वेळू धरणारा गप्प राहिला, अथवा वल्हे मारणाऱ्याने त्याचे ऐकले नाही, म्हणजे काठ समोर दिसत असताना नाव रेतीवर चढते. खानदेशात धुळ्यानजीक गोंदूर येथे व शिरपूर येथे वैमानिकांच्या शिक्षणाची सोय झाली; जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली झाले. तेव्हा प्रवासी विमानाच्या पुढल्या कक्षात बसणाऱ्या दोघांमध्ये हीच रीत कशी आली, आणि ती अंगी बाणण्यापूर्वी केवढे मोल द्यावे लागले, हा इतिहास ह्या भागातील कुटुंबांसही आता परका राहिलेला नाही.

विमान खाली उतरवावयाचे म्हणजे उंची आणि वेग ह्या दोहोंचा एकदम हिशेब ठेवावयाचा. एंजिनांची शक्ती कमी केली की विमान खाली येऊ लागते. ते फार लवकर खाली येत आहे असे दिसल्यावर चालकाने नुसते नाक वर उचलले, तर उंची क्षणभर राहते. पण वेग घटतो, आणि वेग घटला की पंखांचा आधारच जातो. म्हणून अशा वेळी शक्ती वाढवणे हाच उपाय असतो. शिवाय थंडावलेली एंजिने पूर्ण जोरावर येण्यास काही सेकंद घेतात. जमीन जवळ असता ते सेकंद उसने मिळत नाहीत.

१९ ऑक्टोबर १९८८ रोजी सकाळी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान अहमदाबादेस उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. आतील १३५ माणसांपैकी १३३ मृत्यू पावली. हवा धुरकट होती. दोघेही वैमानिक धावपट्टी कोठे दिसते ते शोधण्यात गुंतले, आणि उंची सांगणाऱ्या यंत्राकडे पाहण्याचे काम कोणाचेच राहिले नाही. विमान जुन्या बांधणीचे होते. तेव्हा नव्या यंत्रांवर दोष ठेवण्यास तेथे जागा नव्हती.

पुढे सोळा महिन्यांच्या आतच दुसरा प्रसंग आला, आणि तो अगदी निरभ्र दुपारी आला. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळुरास निघालेल्या ६०५ क्रमांकाच्या उड्डाणास एअरबस ए-३२० जातीचे विमान होते. ही जात इंडियन एअरलाइन्सच्या सेवेत नुकतीच, १९८९ साली, दाखल झाली होती. वैमानिकाच्या पुढ्यातील जुना दांडा जाऊन बाजूस लहानशी मूठ आली होती, आणि वेग, उंची, दिशा सांभाळण्याचे पुष्कळसे काम गणकयंत्रांकडे गेले होते. डाव्या आसनावर कॅप्टन फर्नांडिस होते. ह्या जातीच्या विमानावर कप्तानपदाची पात्रता मिळवण्यासाठी त्यांची परीक्षा चालू होती. उजव्या आसनावर परीक्षक म्हणून कॅप्टन गोपुजकर होते. दोघेही अनुभवी, दोघेही कप्तानाच्या दर्जाचे. आत एकंदर १४६ माणसे होती.

त्या काळी बंगळुरास नागरी विमाने हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या विमानतळावर उतरत. धावपट्टी समोर दिसत होती. उतरण्याचा वेग मिनिटास ७०० फूट ठेवावा, असे दोघांत बोलणे झाले. त्यासाठी एक चक्री असते; इच्छित उंची ठरवण्यासाठी तिच्या शेजारीच दुसरी असते. चौकशी न्यायालयाचा तर्क असा, की हात चुकीच्या चक्रीवर गेला आणि ७०० हा आकडा उतरण्याच्या वेगाऐवजी उंचीच्या घरात गेला. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच. तेव्हा ७०० फुटांची उंची जमिनीच्या पोटातली होय. यंत्रास हे काय कळणार? त्याने मुकाट्याने आज्ञा पाळली, एंजिने मंद केली आणि विमान खाली सोडले. शक्ती मंद ठेवून उतरण्याच्या ह्या अवस्थेस ‘आयडल ओपन डिसेंट’ म्हणतात. जमिनीजवळ ती अवस्था असता कामा नये.

ही चूक उमगली नाही असे नाही. विमान कोणत्या अवस्थेत उतरत आहे हे परीक्षकांच्या ध्यानी आले, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले. ती अवस्था बदलण्यासाठी दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक यंत्र, म्हणजे फ्लाइट डिरेक्टर, बंद करावे लागतात. डावीकडचा बंद झाला. उजवीकडचा चालूच राहिला, आणि यंत्राने आपली चाल बदलली नाही. पूर्वीच्या पुष्कळ विमानांत यंत्राने शक्ती कमी केली म्हणजे हाताखालचे दांडे मागे सरकत आणि तळव्यास ते कळे. ह्या विमानात दांडे जागचे हलत नाहीत. बदल केवळ अक्षरांनी दिसतो. विमानातील यांत्रिक आवाज चारशे, तीनशे, दोनशे फूट असे उच्चारीत होता. १३२ नॉट राखावयाचा वेग १०६ नॉटपर्यंत उतरला. शेवटी शक्ती मागितली गेली. पण एंजिने जोर धरण्यापूर्वीच विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आपटले, उसळून एका बांधावर आदळले आणि पेटले. ९२ माणसे गेली. त्यांत दोघेही वैमानिक होते. ५४ वाचली.

केंद्र सरकारने देशातील ए-३२० विमाने काही काळ जमिनीवर उभी करविली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांनी चौकशी केली. अवस्था ठाऊक असताना आणि उंचीच्या सूचना कानी पडत असतानाही शक्तीचे दांडे तत्काळ पुढे सारले गेले नाहीत, हे त्यांनी प्रमुख कारण मानले. निष्कर्ष कठोर खरा. तथापि परीक्षा देणाऱ्यास वाटावे की परीक्षक पाहतो आहे, परीक्षकास वाटावे की चालवणारा सावरील, आणि दोघांसही वाटावे की यंत्र सांभाळून घेईल, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. बारभाईची खेती म्हणतात ती दोघांतही होऊ शकते.

हा अनुभव केवळ हिंदुस्थानचा नव्हे. १९७२ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे एका जळलेल्या दिव्याच्या खटपटीत सारा चालकवर्ग गुंतला असता विमान हळूहळू खाली येऊन दलदलीत पडले. १९७७ साली टेनेरीफ बेटावर दोन विमानांची धडक होऊन ५८३ माणसे दगावली. ह्यांसारख्या आपत्तींच्या विचारातून १९७९ साली नासा ह्या संस्थेने परिषद भरवली, आणि वैमानिकांस परस्परांशी कसे बोलावे हेही शिकवले पाहिजे, असा विचार रुजला. १९९२ साली फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळ ए-३२० जातीचेच विमान डोंगरावर आदळून ८७ जण मरण पावले. तेथे उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा वेग ह्यांची गल्लत झाली असावी असे ठरले, आणि त्यानंतर आकडे दाखवण्याची पद्धत सुधारण्यात आली.

पुढे कामाची वाटणी स्पष्ट झाली. एकाने चालवावे, दुसऱ्याने पाहावे. यंत्राची अवस्था बदलली की ती मोठ्याने वाचावी. ठरलेल्या उंचीवर वेग, शक्ती आणि उतरण जुळलेली नसतील तर भीड न धरता विमान पुन्हा वर न्यावे. नियम झाले, परंतु ज्येष्ठतेची भीड नियमाने जात नाही. २०१० साली मंगळुरास सहवैमानिकाने विमान वर नेण्याविषयी सुचवूनही अवतरण चालूच राहिले आणि १५८ माणसे मृत्यू पावली. २०२० साली कोळिकोड येथे अशीच सूचना विमान टेकल्यावर झाली. तीही पाळली गेली नाही आणि २१ जण गेले.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांस मध्येच बोलू नये असे मुलास शिकवतात. ती शिकवण घरात शोभते. परंतु वेळू हाती धरणाऱ्याने पाणी उथळ झाल्याचे सांगावे आणि वल्हे मारणाऱ्याने, तो कितीही वडील असो, हात थांबवावा, ह्यात कोणाचाच अपमान नाही. नावेतील सारी माणसे त्या एका शब्दावर पैलतीरी जात असतात.