ज्यांगवानचे क्रीडागार आणि शांघायच्या पौरसत्तेचा प्रश्न

शांघायच्या ईशान्य भागातील ज्यांगवान येथील क्रीडागाराचा उल्लेख बहुधा वास्तुकलेच्या अथवा खेळांच्या इतिहासात येतो. परंतु एवढी मोठी वास्तू नगराच्या मध्यभागापासून दूर, शेतजमिनीवर का उभारली गेली, या प्रश्नाचे उत्तर खेळांत सापडत नाही. ते १८४२ च्या नानकिंगच्या तहापासून शोधावे लागते.

त्या तहाने शांघाय बंदर परकीय व्यापारास खुले झाले आणि कालांतराने नगराचा सर्वांत संपन्न भाग आंतरराष्ट्रीय व फ्रेंच वसाहतींच्या कारभाराखाली गेला. १९२७ मध्ये राष्ट्रवादी सरकारने शांघायची महापालिका स्थापिली, तेव्हा तिच्या वाट्यास आले ते या वसाहतींभोवतीचे विखुरलेले प्रदेश. वसाहती परत घेण्याचे सामर्थ्य नव्हते. म्हणून त्यांना मागे टाकील असे नवे नगरकेंद्र ज्यांगवान येथे वसवावे, असे १९२९ मध्ये ठरले. १९३२ च्या आरंभी जपानी सैन्याशी झालेल्या लढाईमुळे काम खोळंबले, पण सोडून दिले गेले नाही. अमेरिकेत शिकलेले वास्तुविशारद दोंग दायौ यांनी नगरभवनावर जुन्या राजप्रासादांसारखे छप्पर चढविले. क्रीडागाराच्या बाबतीत मात्र त्यांनी हा मोह आवरला. विटांच्या भिंती, तीन कमानींचे महाद्वार, आत सुमारे ४०,००० आसने आणि आणखी २०,००० प्रेक्षकांना उभे राहण्यास जागा. शेजारी व्यायामगृह व तरणतलाव. दोहोंत हा संयमच अधिक शोभतो.

ऑक्टोबर १९३५ मध्ये येथे सहावा राष्ट्रीय क्रीडामहोत्सव भरला. १९३१ मध्ये सुरू झालेल्या आक्रमणात जपानने बळकावलेल्या ईशान्य प्रांतांचे खेळाडूही त्यात उतरले होते. राज्यातून गेलेला प्रदेश मैदानावर हजर होता. अशा दर्शनासाठी स्वतःच्या भूमीवरचे प्रेक्षागार हवे होते. परकीयांच्या वसाहतीतील मैदान त्या कामी आले नसते.

दोन वर्षांतच, ऑगस्ट १९३७ मध्ये, शांघायची मोठी लढाई पेटली, ज्यांगवान जपानच्या हाती पडले आणि नगरकेंद्राची योजना अपुरी राहिली. पुढे १९४३ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी तहाने आपले विशेषाधिकार सोडले. पर्यायी नगराचे मूळ कारणच त्यामुळे नाहीसे झाले. १९४५ नंतर महापालिकेचा कारभार जुन्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या कचेरीतूनच चालू लागला. क्रीडागाराचा उपयोग मात्र संपला नाही. मे १९४८ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, सातवा महोत्सव येथेच झाला. साम्यवादी राजवटीने महोत्सवांची गणना नव्याने आरंभिली. तिच्या १९८३ मधील पाचव्या महोत्सवासाठीही हेच मैदान योजिले गेले.