माणशी एक इंजिन

जर्मनीतल्या गोथा गावचा कारखाना मुळात रेल्वेचे डबे बांधणारा. पहिल्या महायुद्धात त्याने बॉम्बफेकी विमानं काढली आणि १९१७ साली लंडनकरांची झोप उडवली. पण १९३७ च्या सुमारास याच कारखान्याला सहलीची लहर आली. अल्बर्ट काल्कर्ट या अभियंत्याने 'गो १५०' नावाचं चिमुकलं विमान तयार केलं. बसायला दोघं आणि इंजिनंही दोन. म्हणजे माणशी एक! तीसुद्धा मोटरसायकली बनवणाऱ्या झुंडॅप कंपनीची, प्रत्येकी ५० अश्वशक्तीची. हिशेब अगदी घरगुती होता : एक रुसलं तर दुसऱ्याने घरी आणून सोडायचं. संसारातही दोघांनी एकदम रुसायचं नसतं, तसंच हे.

मग दुसरं महायुद्ध आलं. सहली संपल्या. त्याच काल्कर्टसाहेबांनी त्याच कारखान्यासाठी 'गो २४२' आखलं. त्यात २१ सैनिक बसायचे आणि इंजिन एकही नाही! दुसऱ्या विमानाने दोराला बांधून ओढत न्यायचं आणि रणभूमीजवळ सोडून द्यायचं.

तेही बरोबरच म्हणा. सहलीला जाणाऱ्याला परत यायचं असतं, म्हणून दोन इंजिनं. सैनिकाच्या परतीचा विचार करायला लढाईत सवड कुणाला असते?