जॅक्सन, रूडी
जॅक्सन, रूडी : (१९०१ – सु. १९६८). अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक व सॅक्सोफोनवादक. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातील आरंभीच्या क्लॅरिनेटवादकांपैकी एक, तसेच १९३० नंतरच्या दशकात मुंबईत जॅझ संगीत रुजविणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांच्या मेळातील वादक. जॅझच्या इतिहासात त्याचा उल्लेख प्रायः एकाच ध्वनिमुद्रिकेच्या संदर्भात व तोही एका वादाच्या अनुषंगाने येतो. परिणामी त्याच्या कारकीर्दीचा उत्तरार्ध, विशेषतः भारतातील कालखंड, उपेक्षित राहिला.

त्याचा जन्म इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे झाला. तो वाढला मात्र शिकागो येथे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यू ऑर्लीअन्झचे अनेक वादक शिकागोत येऊन स्थायिक होत होते. त्यांच्या समूहवादनात कॉर्नेटने मुख्य चाल वाजवावी, ट्राँबोनने खालच्या सप्तकातून तिला आधार द्यावा व क्लॅरिनेटने वरच्या सप्तकात तिच्याभोवती स्वरांची वेलबुट्टी काढावी, अशी कामांची विभागणी असे. जॅक्सनची घडण याच परंपरेत झाली. १९१८ च्या सुमारास त्याने व्यावसायिक वादनास प्रारंभ केला आणि पुढे कॅरल डिकरसन व किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदांत काम केले.

१९२७ मध्ये तो न्यूयॉर्क येथे एलिंग्टनच्या वाद्यवृंदात दाखल झाला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबर रोजी व्हिक्टर कंपनीसाठी ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही रचना ध्वनिमुद्रित झाली. गायिका ॲडिलेड हॉल हिने शब्दांविना केवळ स्वरांच्या आधारे केलेले गायन, बबर मायलीचे ट्रंपेट व जॅक्सनचे क्लॅरिनेट यांच्या मेळामुळे ही ध्वनिमुद्रिका जॅझ संगीतातील एक अभिजात कृती मानली जाते. रचनाकार म्हणून एलिंग्टन, मायली व जॅक्सन अशी तिघांची नावे नोंदविली गेली. तथापि तिची मुख्य चाल ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाने १९२३ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘कँप मीटिंग ब्लूज’ या रचनेवर आधारलेली होती. जॅक्सनने ती आपली म्हणून एलिंग्टनपुढे ठेवली, असे सामान्यतः मानले जाते. ऑलिव्हरने हक्क सांगण्याचा प्रयत्न केला; परंतु त्यास यश आले नाही. जॅक्सनला वाद्यवृंद सोडावा लागला आणि त्याच्या जागी बार्नी बिगार्ड आला. डिसेंबर १९२७ मध्ये एलिंग्टनचे कॉटन क्लबमधील कार्यक्रम सुरू झाले व त्यातूनच त्याला जागतिक कीर्ती लाभली. या कीर्तीत जॅक्सनला वाटा मिळाला नाही.

या प्रकरणाचा विचार करताना तत्कालीन संगीतव्यवहार ध्यानात घ्यावा लागतो. ब्लूजच्या चाली व स्वरवाक्ये वादकांबरोबर एका वाद्यवृंदातून दुसऱ्यात जात आणि त्यांत भर पडत राही. स्वामित्वहक्काचा कायदा मात्र कागदावरील नोंदच प्रमाण मानी. त्यामुळे मूळ वादकाला न्याय मिळाला नाही. चाल वाहून आणणाऱ्यावर ठपका आला आणि ध्वनिमुद्रिकेचे श्रेय प्रमुखाकडे राहिले. जॅक्सनचा दोष यामुळे नाहीसा होत नाही. परंतु केवळ त्यावरून त्याच्या वादनाचे मूल्यमापन करणे उचित ठरत नाही.

पुढे तो नोबल सिसलच्या वाद्यवृंदाबरोबर यूरोपात गेला. अमेरिकेतील वर्णभेद व १९२९ नंतरची आर्थिक मंदी यांमुळे अनेक कृष्णवर्णीय वादक त्या काळी देशाबाहेर उपजीविका शोधत होते. १९३५ च्या अखेरीस व्हायोलिनवादक लीऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांचे वाद्यवृंद तेथे वाजवू लागले. या वादकवर्गात जॅक्सनचा समावेश होता. क्रिकेट स्मिथच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये मुंबईत काही ध्वनिमुद्रिका केल्या. त्यांतील ‘ताजमहाल’ हा फॉक्सट्रॉट नृत्यप्रकार विशेष प्रसिद्ध आहे. वेदरफोर्डसमवेत जॅक्सनने भारताप्रमाणेच सिलोनमध्येही (श्रीलंका) वादन केले. वेदरफोर्ड १९४५ मध्ये कलकत्ता येथे पटकीने मरण पावला.

याच काळात अमेरिकेत बेनी गुडमन व आर्टी शॉ यांनी क्लॅरिनेट हे स्विंग वाद्यवृंदाचे अग्रवाद्य बनविले. जॅक्सन मात्र वयाच्या पस्तिशीत या प्रवाहाच्या केंद्रापासून हजारो मैल दूर होता. त्याच्या वाट्याला स्विंगयुगाची कीर्ती आली नाही, याचे हे एक प्रमुख कारण होय.

या वादकांच्या मुंबईतील वास्तव्याचे फलित दूरगामी ठरले. गोव्यातील चर्चसंलग्न संगीतशाळांत शिकलेले वादक पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्यात निष्णात होते. परंतु जॅझमधील उत्स्फूर्त स्वरविस्तार व लयीचा झोल स्वरलिपीत पूर्णपणे लिहिता येत नाही. तो प्रत्यक्ष ऐकूनच आत्मसात करावा लागतो. हा सहवास त्यांना मुंबईत घडला. १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमहाल हॉटेलातील वाद्यवृंदाचे नेतृत्व मिकी कोरिया या गोमंतकीय वादकाकडे होते. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (अँटोनियो झेवियर वाझ) यांनी संगीत दिग्दर्शक सी. रामचंद्र यांच्यासमवेत काम केले. भगवान यांच्या अलबेला (१९५१) या चित्रपटातील गीतांतून ही स्विंगची लय सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचली. लग्नाच्या बँडपथकांमुळे क्लॅरिनेट हे वाद्य मराठवाड्यातील गावोगावीही परिचित होते. त्यावर चित्रपटगीते वाजू लागली, तेव्हा या लयीचाही अंश त्यांबरोबर गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक्सन अमेरिकेस परतला आणि संगीतव्यवसायापासून दूर झाला. शिकागो येथे त्याचे निधन झाले. थोड्या ध्वनिमुद्रिकांखेरीज त्याच्या वादनाचा पुरावा उरलेला नाही. तथापि शिकागोतील आरंभकालीन जॅझ व मुंबईतील जॅझ यांना जोडणारा दुवा म्हणून त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे.