लाठीमागचा हात

आमचे केदारखेडा ज्या जालना जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या ठिकाणी पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आंदोलक जखमी झाले, पोलीसही झाले. पुढे जिल्हा पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले; गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी क्षमा मागितली. ‘आदेश कोणाचा?’ हा प्रश्न तेव्हा सर्वतोमुखी होता, आणि तो रास्तच होता. पण लाठी उगारणारा हात त्याआधी कशाकशातून गेलेला असतो, हा दुसरा प्रश्न चौकशीच्या कागदांत सहसा उतरत नाही. तो मराठी लेखकांनी मात्र फार पूर्वी विचारला आहे.

श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट केला. त्यातील फौजदार अनंत वेलणकर याने लहानपणी आपल्या पोलीस बापाला आईवर हात टाकताना पाहिले आहे. त्याच बापाच्या हट्टापायी त्याने खाकी चढवली आहे. गुंड रामा शेट्टी आणि त्याचे राजकीय पाठीराखे यांच्यापुढे तो हतबल ठरतो, दारूत बुडतो, आणि अखेर कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मरेस्तोवर मारतो. वरून आलेला अपमान खाली, जिथून उलट उत्तर येणार नाही तिथे, वाहत जातो.

ही निव्वळ कल्पना नव्हती. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांची कामाची दीर्घ वेळ, निवासस्थाने आणि तक्रारी यांचा विचार केला होता. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांचा असंतोष उघड बंडापर्यंत गेला आणि शहरात लष्कर बोलवावे लागले. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली आघातोत्तर तणावाला विकार म्हणून आपल्या निदानपुस्तिकेत स्थान दिले, तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर. गणवेशाखालच्या मनाला नाव मिळण्याचा आणि त्यावर कथा-पटकथा घडण्याचा काळ असा जवळजवळ एकच होता.

अर्थात, दुखावलेले प्रत्येक मन हिंसक होत नाही, आणि कारण सांगणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. ‘अर्धसत्य’ वर्गात शिकवताना आपण वेलणकरच्या कोंडीविषयी, दिलीप चित्रे यांच्या कवितेविषयी भरभरून बोलतो. कोठडीत मेलेल्या चोराविषयी क्वचितच. वेलणकरची जखम समजून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण त्या जखमेची किंमत कोणी मोजली, हे विसरलो तर आपले वाचनही अर्धसत्यच राहील.