नौदल सामान्य सेवा पदक (१८४७)

नौदल सामान्य सेवा पदक हे १७९३ ते १८४० या काळातील सागरी लढायांसाठी १८४७ मध्ये मंजूर झालेले ब्रिटिश मोहीमपदक होय. नेपोलियनकालीन युद्धांत नौदलाचे सुवर्णपदक केवळ आरमारप्रमुख व कप्तान यांनाच मिळे. सामान्य खलाशी त्यापासून वंचित होते.

हे पदक चांदीचे व वर्तुळाकार असून व्यास ३६ मिमी आहे. रचना विल्यम वायन यांची. दर्शनी बाजूस तरुण राणी व्हिक्टोरियाचे मस्तक व १८४८ हे साल आहे. वास्तविक बहुतेक लढाया राणीच्या जन्मापूर्वीच्या. मागील बाजूस त्रिशूळधारी ब्रिटानिया समुद्राश्वावर बसलेली दिसते. फीत पांढरी, कडा गडद निळ्या.

लढाईचे नाव असलेली पट्टी फितीवर बसवत. अशा दोनशेहून अधिक पट्ट्या मंजूर झाल्या. त्यांपैकी नवारिनोच्या (१८२७) लढाईचा मुंबईशी संबंध आहे : सेनापती कॉड्रिंग्टन यांची ‘एशिया’ ही ध्वजनौका मुंबईच्या गोदीत बांधलेली होती.

पदक हयात व्यक्तींनाच, तेही अर्ज केल्यावर मिळे. ट्राफल्गारच्या (१८०५) लढाईला तेव्हा चार दशके उलटून गेली होती. त्यामुळे हजारो खलाशी लढले असूनही त्या पट्टीचे मानकरी दोन हजारांहूनही कमी ठरले. काही पट्ट्यांना तर एकही दावेदार मिळाला नाही.

लढाईच्या वेळी जहाजांवर असलेल्या स्त्रियांनीही अर्ज केले. ट्राफल्गारच्या जेन टाउनशेंड, तसेच नाईलच्या (१७९८) लढाईतील अ‍ॅन हॉपिंग व मेरी अ‍ॅन रायली यांचे दावे अखेर फेटाळले गेले. अशाच इतर अनेक स्त्रिया अर्ज करतील, हे कारण देण्यात आले.