प्रोटीनचा डबा आणि बुध गावचे सुखात्मे

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या तालुक्याच्या गावात जिम वाढल्या आणि त्यांच्या शेजारी काळ्या डब्यांची दुकानंही. इनबॉक्समध्ये एक प्रश्न सारखा येतो, "दादा, पोरगा प्रोटीनच्या डब्यासाठी अडीच हजार मागतोय, द्यावेत का?" मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण या डब्यामागचा इतिहास थोडा वाचलाय. तो सांगतो, ठरवा तुम्ही. पोस्ट लांब आहे. घरच्या ग्लासाचा हिशेब खाली दिलाय, घाई असेल तर तिथे जा.

'प्रोटीन' हा शब्द १८३८ सालचा. डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांनी तो छापला, सुचवला होता स्वीडनच्या बर्झेलियस यांनी. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ 'पहिल्या मानाचं'. नावातच मोठेपणा आला म्हटल्यावर व्यापारी मागे कशाला राहतील? १८६५ पासून लीबिग या नामांकित शास्त्रज्ञाच्या नावाने मांसाचा अर्क युरोपभर 'ताकद' म्हणून विकला गेला. त्यात प्रथिनं फारशी नव्हतीच. पुढे १९०० च्या आसपास दुधापासून काढलेली 'प्लास्मॉन' नावाची पावडर आली. तिची शिफारस करत होता त्या काळचा जगप्रसिद्ध पहिलवान सँडो, आणि तिच्यात पैसे गुंतवले होते लेखक मार्क ट्वेनने. म्हणजे पिळदार शरीराचा फोटो आणि शेजारी डबा, ही जाहिरात सव्वाशे वर्षं जुनी आहे.

आणखी एक गंमत. अमेरिकेतल्या रसीन या गावात हॉर्लिक बंधूंचा माल्टेड दुधाचा कारखाना होता. त्याच गावातल्या स्टीफन पोप्लॉस्की यांनी १९२२ मध्ये असली माल्टवाली पेयं घुसळायला भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवलं. ज्या ब्लेंडरमध्ये आज स्मूदी होते, त्याचा जन्म असा झाला.

आता आपल्या देशाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या तज्ज्ञांचं एकमत झालं की गरीब देशांतल्या पोरांना प्रथिनं कमी पडतात, म्हणून ती खुरटतात. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 'येऊ घातलेल्या प्रोटीन संकटा'वर अहवालच काढला. उपाय काय, तर पावडरी, बिस्किटं, खास पेयं. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ आणि हरभऱ्याचं पीठ एकत्र करून, त्यात जीवनसत्त्वं घालून 'बहुउद्देशीय अन्न' तयार केलं. शेंगदाण्याच्या प्रथिनाने दूध वाढवून 'मिल्टोन' नावाचं पेयही केलं. दाणे आणि हरभरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

या गदारोळात एका मराठी माणसाने वेगळा सूर लावला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला संख्याशास्त्र केलं आणि पुढे जवळजवळ दोन दशकं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळला. १९७० च्या सुमारास त्यांनी भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे मांडून दाखवलं की आपल्याकडे ज्याला पोटभर जेवण मिळतं, त्याला बहुतेक वेळा प्रथिनंही पुरेशी मिळतात. खरा तुटवडा आहे तो पोटभर जेवणाचाच.

कारण साधं आहे. शरीराला आधी सरपण लागतं. भाकरी-भात कमी पडला की शरीर प्रथिनंच सरपण म्हणून जाळतं. उपाशी पोराला महाग पावडर पाजणं म्हणजे चुलीत सागवान घालणं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. गोपालन यांचं कामही याच दिशेचं होतं. १९७४ मध्ये मॅकलॅरन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रकाराला 'प्रोटीनचा महाफजितवाडा' अशा अर्थाचं नाव दिलं. सुखात्म्यांच्या पुढच्या काही सिद्धांतांवर कडाडून टीका झाली, तो वाद वेगळा. पण हा मुद्दा टिकला.

मग आजचा डबा कुठून आला? चीज करताना जे पाणी उरतं त्यातून. आपण घरी पनीर केल्यावर जे हिरवट पाणी कणकेत घालतो, तेच. परदेशी कारखान्यांत ते ओढ्यात सोडलं जाई, डुकरांना पाजलं जाई. पुढे ते बारीक पडद्यांतून गाळून त्यातली प्रथिनं वेगळी काढायचं तंत्र आलं आणि टाकाऊ पाण्याचं सोनं झालं. त्यातलं प्रथिन उत्तमच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न गरजेचा आणि किमतीचा आहे.

गरज किती? आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा आकडा आहे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं, मान्य.

आता घरचा ग्लास. पाव लिटर दूध: ८ ग्रॅम प्रथिनं. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे, सालासकट: ६ ग्रॅम. २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे: ५ ग्रॅम. एक केळं: १ ग्रॅम. झाले २० ग्रॅम. डब्यातल्या एका चमच्याचे साधारण २४-२५ असतात. आपल्या बाजारात हा ग्लास तीस-पस्तीस रुपयांत बसतो, डब्याचा चमचा सत्तर-ऐंशीच्या पुढे. शिवाय दाण्यांचं तेल, फुटाण्याचा चोथा आणि दुधातलं कॅल्शियम वर. दूध पचत नसेल तर दही घ्या.

करायची रीत: फुटाणे आणि दाणे आधी कोरडेच बारीक करा, मग केळं, शेवटी दूध. उलट केलंत तर कण दाताखाली येतात. मिक्सर कुठलाही चालतो. १९६३ मध्ये मुंबईत 'सुमीत' निघाला तो मुळी आपलं कोरडं-ओलं कडक वाटण झेपावं म्हणूनच.

दोन सूचना. बुरशी आलेले, काळपट, कडू दाणे फेकून द्या. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, ते अशाच बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने. अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातूनच सापडलं. सोयाबीन घालायचं असेल तर शिजवून किंवा नीट भाजूनच, कच्चं कधीच नाही. आणि किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

आता मूळ मुद्दा. जिमला जाणारं पोरगं कसंही निभावून नेईल. पण २०२३ च्या अखेरीस आपल्या राज्यात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. नाचणी सत्त्वात घालायच्या साखरेचाही. हवं असेल तर लोकसहभागातून करा, असं शाळांना सांगितलं. ज्या गावात शाळेची भिंत रंगवायला वर्गणी जमत नाही, तिथे अंड्यांना कोण देणार?

सुखात्म्यांचा धडा हाच होता, की प्रश्न पावडरीचा नाही, ताटाचा आहे. तेव्हा पोराला डबा नाकारताना त्याला हा हिशेब दाखवा. आणि एक काम करा. आपल्या गल्लीतल्या शाळेत जाऊन विचारा, या आठवड्यात मुलांच्या ताटात काय काय पडलं? उत्तर कमेंटमध्ये शाळेच्या नावासकट टाका. मी यादी करतोय, बातमी करणार आहे.