तिजोरी एकाची, बंड दुसऱ्याचे

शत्रूच्या मुलखात बंड झाले, तर बंडवाल्यांना आपल्या खजिन्यातून पैसा द्यावा की नाही? श्रोतेहो, हा प्रश्न १७७६ साली फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्यापुढे आला. अमेरिकेतील तेरा वसाहती इंग्रजांविरुद्ध उठल्या होत्या. त्यांच्याजवळ माणसे होती, पण बंदुकीची दारू आणि तोफा पुरेशा नव्हत्या.

परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन याचे मत मदत करावी असे. १७६३ च्या तहात इंग्रजांनी कॅनडा घेतला, ते शल्य त्याच्या मनात होतेच. उघड लढाई तूर्त नको, गुपचूप पैसा पुरवू. भांडण लांबले की इंग्लंड आपोआप खंगेल, असा त्याचा हिशेब.

अर्थमंत्री तुर्गो याने एप्रिलमध्ये याला लेखी उत्तर दिले. वसाहती आज ना उद्या सुटणारच. समजा, इंग्रज जिंकले. तरी त्यांना तिथे फौज बसवावी लागेल, मग ते आपल्या वाटेला कशाला येतील? अमेरिकनांना व्यापारातून माल मिळत असेल तर मिळू द्यावा, सरकारने थेट हात घालू नये. तिजोरीत आधीच तूट आहे.

हा तुर्गो नुसता कंजूस हिशेबनीस नव्हे, बरं का! रस्त्याच्या कामावर शेतकऱ्याला फुकट राबवण्याची वेठ त्यानेच बंद करविली आणि तो खर्च जमीनदारांवर टाकला. सरदार मंडळी चिडली ती त्यामुळे. २ मे रोजी राजाने बंडवाल्यांसाठी दहा लाख लिव्र मंजूर केले, आणि १२ मे रोजी तुर्गोला घरी बसवले. ऑगस्टमध्ये वेठ पुन्हा सुरू झाली.

पैसा पोचवायला माणूस निवडला तो नाटककार बोमार्शे! त्याने एक खोटी व्यापारी पेढी काढली. स्पेननेही तिच्यात दहा लाख घातले. १७७७ साली तिची गलबते अमेरिकेला लागली, आणि त्याच साली साराटोगा येथे इंग्रज सेनापती शरण आला. इंग्रजांना शह देण्याची फ्रेंचांची खटपट तेव्हा आपल्याकडेही चालू होती. सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील त्याच वर्षी पुण्यास आला. नाना फडणीसांनी त्याचा आदरसत्कार केला आणि मुंबईकर इंग्रज धास्तावले.

१७७८ मध्ये फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. दहा लाखांचा आकडा शंभर कोटींच्या वर गेला, तोही बव्हंशी कर्जाऊ. ऑगस्ट १७८८ मध्ये तिजोरीने देणी थांबवली, पुढच्या मे महिन्यात राजाला प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली, आणि तिच्यातूनच क्रांती पुढे आली. या एका खर्चानेच क्रांती झाली असे काही मी म्हणणार नाही. सरदार आणि धर्मगुरूंना मोठ्या करांची माफी होती, ते दुखणे जुने. पण तुर्गोने बोट ठेवले होते ते नेमके ठिकाणावर.

बोमार्शेचे काय झाले? तो माल देणगी होता की उधारी, यावर अमेरिकन काँग्रेस वाद घालत राहिली. तो १७९९ साली वारला. त्याच्या वारसांना आठ लाख फ्रँक मिळाले ते १८३५ साली.